उपरण्याखाली ठरलेला पहिला विषय

दिगंबर गेल्याची तार आली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "सुटला लेकाचा!" बायकोनं टोकलं नाही. आमचा एक सौदा मिटायचा होता, हे तिला ठाऊक होतं.

आम्ही जळगाव जामोदच्या एकाच शाळेतले. मी चौथीतून कापूस वेचायला गेलो आणि पुढं सरकी काढायचं स्वतःचं जिन उभं केलं. तो शिकला, नागपूरच्या कॉलेजात नव्या विद्युत विभागाचा प्रमुख झाला. मोटर, वीजघर, टेलिफोन, वायरलेस असे चार विषय होते. पण पहिल्या वर्षी प्रयोगशाळा एकाचीच होणार होती. दिवाळीत तो गावी आला तेव्हा मी त्याला कापूस बाजारातच गाठलं.

"मोटर पह्यली घे. माह्या पोराले, शंकरले धाडतो. शिकून आला का जिन त्याच्या हाती."

"कॉलेज म्हंजे तुहा बाजार हाय काय बे?"

"काढ हात!"

आमच्याकडे भाव बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं धरून ठरवतात. त्यानं हसत हात दिला. मी एकच बोट धरलं, म्हणजे पहिला नंबर. त्यानं ते सोडवलं नाही, म्हणजे सौदा ठरला.

जूनमध्ये कळलं, वायरलेस पहिलं आणि मोटर तिसरी. लढाईचे दिवस होते, वायरलेसवाल्यांना मागणी होती. शंकर तेच शिकला आणि जहाजावर गेला… अजून तिकडेच आहे. त्याच जूनमध्ये मी नागपुरात दिगंबरच्या विभागात जाऊन पोरांदेखत ओरडलो, "काऊन बे, पह्यला नंबर कोणाचा ठरला होता?"

"तुनं तीन बोटं धरले होते," तो शांतपणे म्हणाला.

साफ खोटं! पण उपरण्याखालचं तिसऱ्या कोणी पाहिलेलं नसतं. पुढं प्रत्येक भेटीत हेच भांडण झालं. तो हटला नाही, मीही नाही.

यंदा पोळ्यानंतर त्याला भेटायला गेलो तेव्हा अर्धांगानं त्याची वाचा गेली होती. तरी मी विचारलंच, "आता तं सांग… एक का तीन?"

त्यानं माझा हात चादरीखाली ओढला आणि अख्खा पंजा घट्ट धरला. पंजा म्हणजे पाच. विषय तर चारच होते… तो आकडा नव्हताच.

आता बाजारात कोणी माझा पंजा धरला, की मी सौदा टाकून उठतो. म्हातारा बिघडला, म्हणतात लोक. म्हणोत.