नवाकोरा कार्बोरेटर

अकोल्यातले माझे मेकॅनिक काका नव्या पार्टला हात लावण्याआधी तो हुंगतात आणि नाक मुरडतात. वडिलांची जुनी फटफटी सुरू होईना, म्हणून मी नवाकोरा कार्बोरेटर मागवला. तो हुंगून त्यांनी बाजूला सारला.

“जुना जित्ता हाये अजून. हा डुप्लिकेट काहून आनला?”

“चकचकीत आहे, काका.”

“मंग शोकेसमंधी ठेवा.”

त्यांनी तोंडातली कवळी काढून सीटवर ठेवली आणि जुन्या कार्बोरेटरच्या बारीक भोकात गाल फुगवून फुंकर मारली. कचरा उडाला. सगळं पुन्हा बसवल्यावर तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

मी मात्र कवळीकडेच बघत होतो. तीही चकचकीत होती.

“तेबी डुप्लिकेटच हाये,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “म्हणून त सांगून राहिलो.”