लाईन गेल्यावरची साक्ष

लाईन गेली, की आमचे चक्कीवाले काका डोक्याचा रुमाल सोडून मानेवरचं पीठ झटकायचे, तीन बोटांचा उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, "पाहा, मी भोगलेलं सांगून राह्यलो. ऐकलेलं नाई."

मग त्यांची साक्ष सुरू व्हायची. 'साक्ष' हा शब्द त्यांचाच. रविवारी ते मोटारसायकलवर बुलढाण्याला प्रार्थनेला जात, तिथून त्यांनी तो आणला होता. मोताळ्याकडच्या आमच्या गावात येशूचं नाव घेणारं घर त्यांचं एकटंच. पण ऐकणाऱ्यांची वानवा नव्हती. दळण अर्ध्यावर अडकलेली बाई जाणार कुठे?

सांगायचे मात्र झकास. पिऊन तर्र असताना चक्कीच्या पट्ट्यात हात कसा गेला, दोन बोटं कशी तुटली, दवाखान्यात बाजूच्या खाटेवरचा म्हातारा रोज येशूशी कसा बोलायचा, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसा. "एक दिवस त्यानं प्रार्थनेत माहं नाव घेतलं हो! सख्ख्या भावानं नाई घेतलं, त्यानं घेतलं. तवापासून थेंब नाई." इथे ते डोळ्यांना रुमाल लावायचे आणि बायका पदर. मग काका हळूच म्हणायचे, "आन् मंग एक गोष्ट राह्यली..."

तेवढ्यात लाईन यायची आणि काका उडी मारून बटनाकडे धावायचे. राहिलेली गोष्ट कोणती, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या येशूची आन् लाईनवाल्याची ओळख दिसते!" काका सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. ते सुटल्यासारखे हसत होते, हे आम्हाला कुठून कळणार?

एका उन्हाळ्यात भर दळणात गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आम्ही सात-आठ जणी वाट पाहत बसलो. काकांची साक्ष दवाखाना ओलांडून त्या राहिलेल्या गोष्टीपाशी आली, तरी लाईन येईना.

"सांगा ना भाऊ, आज कुठं पळता?" शांताबाई म्हणाली. ती दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करायची, पायलीभर ज्वारी दळायला आणायची.

काका बटनाकडे पाहत राहिले. "दारू सुटली, पण मूठ नाई सुटली," ते म्हणाले. "तुमच्या हरेक डब्यातून मी मूठभर पीठ काहाडत होतो. इकडं साक्ष सांगून राह्यलो, तिकडं मूठ मारून राह्यलो. दिवाळीपासून सोडलं. प्रभूले सांगितलं, तुमाले सांगाचं राह्यलं होतं."

शांताबाई उठली, अर्धवट दळणाचा डबा डोक्यावर घेऊन चालती झाली. मागोमाग आम्हीही निघालो.

"चक्कीवाला मूठ मारते, हे काय मले माहीत नोतं?" सासूबाई घरी म्हणाल्या. तरी दुसऱ्या दिवशी आमचं दळण पलीकडच्या चक्कीवर गेलं. माहीत असणं वेगळं आणि तोंडावर ऐकणं वेगळं. मी काही बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते.

डीपी बदलली, लाईन आली, पण काकांच्या चक्कीवर कुणी फिरकेना. ते धुतलेल्या कपड्यांत दारात बसून राहत. त्यांच्या भुवया काळ्या आहेत, हे मला तेव्हा समजलं. मी शाळेत शिकवून येताना "या मॅडम" म्हणत, पण साक्षीचं नाव नाही. खरं बोलून माणूस धंद्याला मुकणार, असंच दिसत होतं.

सहाव्या दिवशी शांताबाई डबा घेऊन आली. मी चक्कीला लागूनच्या आमच्या अंगणात तूर निवडत होते.

"दळून द्या. मी इथंच उभी राहून पाह्यते."

"पाह्य माय."

दळण होईस्तोवर तिनं त्यांच्या हातांवरची नजर काढली नाही. डबा भरल्यावर काकांनीच विचारलं, "काऊन आली वो परत?"

"तिकडचाही मूठ मारते, भाऊ," ती म्हणाली. "फक्त सांगत नाई."

काका हसायला लागले आणि हसता हसता रडले. पिठाळ गालांवर दोन ओल्या रेघा उतरल्या. मलाही राहवेना, मी सूप तसंच टाकून कुंपणापाशी गेले.

दळण झालं होतं, लाईन होती, शांताबाईला वावरात जायला उशीर होत होता. तरी ती डबा बाजूला सारून पायरीवर बसली.

"सांगा मंग," ती म्हणाली, "तो म्हातारा तुमच्यासाठी काय मागत होता?"