पंगतीत न बसणारा हणमंता

हणमंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी उंब्रजच्या शाळेत हजेरी घेत होतो. झोपेतच गेला म्हणे... पुढची नावं वाचली की नाही, आठवत नाही. त्याला आता महिना झाला. माझी बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. संध्याकाळी बोलायला मला तो एकच होता.

फौजेतून पेन्शनीवर आल्यापासून गावच्या प्रत्येक लग्नात हणमंता भाताची बादली घेऊन वाढायला. पंगतीत कधी बसला नाही. गाव त्याच्या सेवाभावाचं कौतुक करायचं. माझ्या मुलाच्या लग्नात मी त्याला हाताला धरून शेजारी बसवायला गेलो, तर हात सोडवून चालता झाला. चार माणसांत अपमान झाला म्हणून मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. मास्तरकी नाकावर होती माझ्या.

मग एकदा साताऱ्याच्या एसटीत दिसला. निम्मी गाडी रिकामी आणि हा दांडा धरून उभा. उतरताना पायजम्यावर मागे रक्ताचा डाग दिसला. मी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या कमरेला गुंडाळला, तेव्हा कुठे बोलला. मूळव्याध होती. कोंब बाहेर यायचे, बोटानं आत सारावे लागायचे, मांडी घालणं तर दूरच. वडिलांच्या जुन्या तऱ्हेच्या ऑपरेशननंतरचं ओरडणं त्यानं ऐकलं होतं. गोळीला न भ्यालेला गडी डॉक्टरला भीत होता.

मीच त्याला सांगलीला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, कापायचं नाही, कोंब आतूनच वर ओढून टाके घालायचे. बाहेर जखम नाही, म्हणून दुखणंही थोडं. दुसऱ्या दिवशी हणमंता खाटेवर बसून चहा पीत होता आणि आपण बसलोय याचंच त्याला नवल वाटत होतं.

दोन महिन्यांनी माझ्या पुतणीच्या लग्नात तो माझ्या शेजारी मांडी घालून बसला. पहिला घास घेऊन थांबला.

"गड्या, पंगतीत भात गरम असतोय व्हय रं? धा-बारा वर्सं मी तळाचा गारच खाल्लाय."

मी हसलो. मग ती अबोल्याची दोन वर्षं आठवली...

आता त्याच्याशिवाय मला पंगतीत बसवत नाही. बादली घेऊन वाढतो. मास्तरांचा सेवाभाव बघा, असं लोक म्हणतात. सगळे उठले की एकटाच जेवायला बसतो. भात गार झालेला असतो.