इलोना नेनी आणि डेकवरच्या मिरच्या

मंडळी, आज इथे अमेरिकेत, कॅरीत आमच्या डेकवर चक्क हंगेरी अवतरलं!

सकाळी बॅकयार्डातल्या लाल मिरच्या जुन्या चादरीवर वाळत घातल्या होत्या. शेजारच्या सत्तरीच्या इलोना कुंपणापाशी येऊन टक लावून बघत उभ्या राहिल्या. म्हटलं, झालं! आता कम्प्लेंट करणार.

बाई घरात गेल्या आणि सुई-दोरा घेऊन आल्या! त्यांचं गाव कालोचा, म्हणजे हंगेरीतलं पाप्रिकाचं गाव. तिथे मिरच्यांच्या माळा ओवून घराच्या भिंतीवर टांगतात. भिंतीसुद्धा बायकाच फुलांनी रंगवतात. मी फोनवर माझी दिवाळीतली रांगोळी दाखवली, तर म्हणतात कशा, "अगं, आमची फुलं तू जमिनीवर का काढलीस?"

आम्ही माळ ओवत असताना माझी लेक आली. "हाय इलोना!"

"काकू म्हण गं!" मी दटावलं.

इलोनांनी काकूचा अर्थ विचारला आणि ऐकून मला टाळीच दिली. त्यांच्याकडेही मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, पुढे 'नेनी' लावतात.

लेकीला वाटलं, मुलं सांभाळणारी बाईच आणली! ती घाबरली. "मॉम, यू गॉट मी अ नॅनी?"

हसता हसता मिरचीचेच हात डोळ्यांना लागले, दोघींच्या!

जाताना त्या म्हणाल्या, "अमेरिकेत मला कधीच कोणी नेनी म्हटलं नाही."

आत्ता लेकीने कुंपणावरून हाक मारली, "इलोना नेनी!" पलीकडून अशी खणखणीत ओ आली म्हणून सांगू!

तुमच्या शेजारी आहे का हो कोणी, अशी ओ द्यायला आसुसलेलं?