आकाशातला पाचवा पाय

प्रमिला गायकवाड मॅडमना मी प्रथम भेटले ती नोकरीच्या मुलाखतीत. जुनी तैलचित्रं दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या सिंगापूरमधल्या कार्यशाळेत मी माझ्या कामाची वही पुढे ठेवली. चौथीपर्यंत मी घरीच वडिलांकडे शिकले. पानावर डाग पडला की ते सगळं पान पुन्हा लिहायला लावत. माझ्या कामाच्या वहीतही एकही डाग नव्हता. मॅडमनी ती शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, “छान. यात चुका कुठे आहेत?” “एकही नाही,” मी म्हणाले. तरी त्यांनी मला घेतलं.

मॅडम मूळच्या नागपूरच्या, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. सतराव्या शतकातल्या युरोपीय राजांची अश्वारूढ चित्रं हा त्यांचा खास विषय. अशा चित्रात घोडा मागच्या पायांवर उभा असतो आणि राजा एका हातात लगाम सैल धरून शांत बसलेला असतो. राज्यही तो असंच सांभाळतो, हे पाहणाऱ्याला पटवायचं असतं. “राजाकडे नंतर बघा,” मॅडम आम्हाला सांगतात, “आधी घोड्याचे पाय मोजा.”

मी मोजले नाहीत. एका संग्राहकांचं असं चित्र आमच्याकडे आलं होतं. घोड्याच्या उचललेल्या पायांजवळ, आकाशात, एक करडा डाग होता. मॅडम तापाने घरी होत्या. त्यांना दाखवल्याशिवाय रंग लावायचा नाही, हा कार्यशाळेचा नियम. मी डाग झाकून टाकला. संध्याकाळी आधीचे फोटो नोंदवताना दिसलं, की डागाला खूर होता. चित्रकाराने पाय आधी तिथे काढून मग बदलला होता. वरचा रंग काळाने विरळ झाल्यामुळे जुना पाय दिसू लागला होता. तोच मी बुजवला होता. नोकरी गेली तर सिंगापूरमध्ये राहण्याचा वर्क पासही जाणार होता. एमआरटी मेट्रोने वुडलँड्स भागात मॅडमच्या फ्लॅटवर गेले आणि दारातच सगळं सांगितलं.

“हॉर्सला फाइव्ह लेग्ज? सो वियर्ड लाह!” त्यांचा मुलगा आतून सिंगापुरी ढंगात म्हणाला.

“तू गप रे. आणि तू आधी चहा घे,” मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. “रंग वॉर्निशच्या वरच लावलास ना?”

“हो.”

“मग खालच्या चित्राला धक्का न लागता निघेल. उद्या तूच काढायचा. मी नुसती बसणार.”

दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या बोळ्यांनी तो रंग काढत होते. मॅडम अंगात कणकण असताना शेजारी बसून होत्या. त्यांनी एकदाही हात लावला नाही. पाय अर्धा उघडा झाला तेव्हा संग्राहक आले. मॅडमनी झाला प्रकार त्यांना स्वतःच सांगितला. त्यांना पाय झाकलेलं आकाशच हवं होतं. पुन्हा झाकून टाका, म्हणाले. मॅडमनी ठाम नकार दिला. राजाचा घोडा चित्रकाराला पहिल्या खेपेस जमला नव्हता, हे दिसलं पाहिजे, एवढंच त्या म्हणाल्या. त्या गृहस्थांनी पुन्हा आम्हाला काम दिलं नाही. दुरुस्तीच्या अहवालात माझी चूक मीच लिहिली. माझ्या सहीखाली मॅडमनी सही केली आणि लिहिलं, “जबाबदारी माझी.” मी आजही तिथेच काम करते.

मॅडमना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्ताचा हा लेखही डाग न ठेवता लिहावा असं वाटत होतं, पण मॅडमना ते चालणार नाही, म्हणून नोंदवते: मॅडम लवकर चिडतात, जेवणाची वेळ पाळत नाहीत आणि चष्मा सापडला नाही की आमच्यावर आळ घेतात. त्यांनी वेळेवर जेवावं, डोळे आणि गुडघे सांभाळावेत, आणि अजून कित्येक वर्षं माझ्या टेबलापाशी उभं राहून विचारावं, “चुका कुठे आहेत?” आता मी दाखवीन.