अकरा हरवलेली पुस्तकं

रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात फौजदार न चुकता येतो. तो पोलिसातला नव्हे. वाचनालयात तीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसलेला निवृत्त कारकून. नाव आम्ही ठेवलंय. पुस्तक हातात घेतलं की आपण पहिलं पान उघडतो, हा सदतिसावं उघडतो. वाचनालयाचा चोरशिक्का तिथे असायचा. पुस्तक लांबवणारा पहिलं पान फाडतो, सदतिसाव्याचं त्याला ठाऊक नसतं.

ठाऊक दोघांनाच होतं: फौजदाराला आणि वाचनालयाच्या शिपायाला. एका वर्षी मोजदादीत अकरा पुस्तकं कमी भरली. फौजदारानं शिपायाकडे बोट दाखवलं आणि शिपायाची नोकरी गेली. पुरावा काही मिळाला नाही, ते मात्र याला अजून सलतं.

"विकलीच असणार त्यानं. एक जरी इथं सापडलं ना, तर मी खरा ठरेन," असं मला दर रविवारी ऐकावं लागतं.

मी शिंपी. गप्पांसाठी येतो, जमलं तर एखादी कादंबरी नेतो. माझी पिशवी एवढी मोठी कशाला, हाही त्याचा एक जुना संशय आहे.

दोन महिन्यांपूर्वी एक नर्स येऊ लागली. बोलायला मोकळी, वाचनाची चांगली. एका जाड कादंबरीबद्दल मी विचारलं, "शेवट गोड आहे का हो?"

"शेवट आधी विचारणाऱ्याला पुस्तक देऊच नये," ती म्हणाली. मला ती आवडली.

फौजदारानं मला कोपऱ्यात ओढलं. "बाई कुठलं पान उघडते, बघितलंस?"

"मी काय पानं मोजत बसू?"

"सदतीस!"

मी हसण्यावारी नेलं. पण संशय हा सर्दीसारखा, शेजारच्याला लागतोच. पुढच्या रविवारी मीही चोरून पाहिलं. ती पुस्तक मधेच उघडायची, एक नजर टाकायची आणि खाली ठेवायची. मग तिचं हसणंही मला खोटं वाटायला लागलं. तिनं वाचायला दिलेलं पुस्तक मी घरी दोनदा उलटंपालटं करून तपासलं.

गेल्या रविवारी एका पुस्तकाशी ती थबकली. घासाघीस न करता तिनं ते घेतलं. फौजदारानं झडप घालून हिसकावलंच. सदतिसाव्या पानावर जांभळा शिक्का.

"हे पान तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

"ऐकलंत? त्या शिपायाची मुलगी! चोरीचा माल गोळा करते, पुरावा उरायला नको म्हणून!" त्याच्या आवाजात चक्क आनंद होता. लोक जमले. खोटं कशाला बोलू, मीही तिच्यापासून दोन पावलं लांब सरकलो.

ती शांतपणे म्हणाली, "मागचा खिसा बघा, साहेब."

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा होता, त्यात कार्ड. पुस्तक देताना कारकुनानं त्या कार्डावर सभासदाचा क्रमांक आणि तारीख लिहायची, मग कार्ड काढून टेबलावरच्या खोक्यात ठेवायचं; पुस्तक परत आलं की ती ओळ खोडून कार्ड पुन्हा खिशात. पुस्तक कुणाकडे गेलं, याची नोंद तेवढीच. याच्या शेवटच्या ओळीत क्रमांकही होता, तारीखही होती, पण ओळ खोडलेली नव्हती. अक्षर वळणदार. हरवलेल्या अकरा पुस्तकांची हातानं लिहिलेली यादी दर रविवारी माझ्यापुढे धरणाऱ्या फौजदाराचं ते अक्षर मी पैजेवर ओळखलं असतं. त्यानं लिहिलं, आणि खोक्यात टाकायच्या ऐवजी कार्ड परत खिशात सरकवलं.

"हे चौथं," ती म्हणाली. "आधीच्या तिन्हींत कार्ड असंच आहे. पुस्तकं तुम्हीच दिलीत. कुणाला दिली, ते खोक्यात राहिलं नाही. नेणाऱ्यांनीही परत आणली नाहीत."

"संध्याकाळी गर्दी... रांग लागायची..." फौजदाराचं त त प प झालं. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझ्या त्या दोन पावलांचा.

तिनं पुस्तक त्याच्या हातून हळूच काढून घेतलं.

"बाबा आत्ता घरीच आहेत. चला माझ्याबरोबर. त्यांना ऐकू कमी येतं, तेवढं जरा मोठ्यानं सांगा."