पुढची सतरंजी

आमच्या परिषद-मास्तरांना टाळ्यांचे वावडे होते. विद्वान वक्त्याचा निबंध संपला की ते हात वर करून टाळ्या थांबवत आणि विचारत, "हे झालं. आता सांगा, तुमच्या घरी काय चालून राह्यलं?" अस्पृश्यतेवर तासभर बोललेले एक वकील या प्रश्नावर कागद गुंडाळून निघाले, ते पुन्हा आलेच नाहीत. मास्तर म्हणाले, "बरं झालं. जेवणाचं एक पान वाचलं."

आम्ही दोघे मालेगावच्या शाळेत शिकवत होतो. कापूस विकून लोक मोकळे झाले की मास्तर सामाजिक परिषद भरवत. मांडव, पाणी, पाहुण्यांना आणायच्या दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, हे सारे माझ्याकडे. बायकांची सतरंजी मी मागे घाली. मास्तर ती ओढून पुढे आणत. "ज्यायच्याबद्दल बोलायचं, त्यायले ऐकू तं आलं पाह्यजे."

तीच सतरंजी त्यांना नडली. बालविवाहावर त्या वर्षी त्यांनी स्वतः निबंध वाचला. सवयीने हात वर केला, तोच पुढून त्यांच्या पत्नीचा, माईंचा, आवाज आला, "आन् मास्तर, तुमच्या घरी काय चालून राह्यलं?"

मांडव हसला. मास्तर हसले नाहीत. अकरा वर्षांच्या गोदीची, त्यांच्या मुलीची, सोयरीक धनज गावी राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाने ठरवली होती. वडील भावापुढे मास्तरांनी कधी तोंड उघडले नव्हते. भाऊ समोरच लोडाला टेकून बसले होते.

"दादा, गोदीचं लग्न आता होणार नाही."

"शब्द मी देल्ला हाय."

"मोडला मी, असं सांगजा."

"मंग माह्या घरची पायरी चढू नको."

"पोरगी शाळेत जाईन, दादा."

दादा उठून गेले. मांडवाच्या कनाती त्यांच्याच होत्या. संध्याकाळी गडी त्या सोडून घेऊन गेला. परिषदेचा दुसरा दिवस आम्ही चिंचेखाली पार पाडला. पुढे दर दिवाळीला मास्तर धनजला जात. वहिनी अंगणातच पाणी देत. दादा बाहेर येत नसत. गोदी आज मुलींच्या शाळेत शिकवते.

परवा मास्तरांच्या शोकसभेत मी चार पाने वाचली. सतरंजी मी आधीच पुढे घातली होती. तिच्यावरून माईंनी मान वर केली. "चांगलं लिवलं, गुरुजी. तुमच्या घरी काय?"

घरी माझ्या शाळकरी मुलीसाठी, सुमनसाठी, स्थळ पाहणे चालले होते.

"सुमन पुढच्या वर्गात जाईल, माई," मी म्हणालो.

घरात हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते.